आवाजाचं मापटं

माझा कान चांगला आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण ते सांगायला दुसरं कुणी नाही. गेली कित्येक वर्षं मी ऐकून लिहिण्याचं काम करते. कुणाच्या बैठका, कुणाच्या मुलाखती, कुणाची भाषणं माझ्याकडे ध्वनिमुद्रित होऊन येतात आणि मी ती घरी बसून टाइप करून देते. चार माणसं एकदम बोलत असली, पाचवा खोकत असला आणि वर पंखा कुरकुरत असला, तरी कोण काय म्हणालं ते मला सांगता येतं. नवऱ्याला नोकरी आहे, त्यामुळे या कानावर घर चालतं असं नाही. पण माझा ताठा मात्र या कानावरच चालतो.

नवरा नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीचं काम बघतो. ती नोकरी लागली तेव्हा आम्ही पुण्यातला फ्लॅट सोडून कामशेतच्या आतल्या अंगाला एका गावात घर घेतलं. घर दाखवणारा एजंट म्हणाला होता, "मॅडम, इथं पान पडलं तरी ऐकू येतं." आम्ही घर पाहिलं तो महिना एप्रिल होता. एप्रिलात आमच्या गावात खरोखरच पान पडलेलं ऐकू येतं, कारण तेव्हा गावात दुसरं काही घडतच नाही. हे मला नोव्हेंबरात कळलं.

शनिवारी वरच्या अंगाच्या भाड्याच्या बंगल्यात पाहुणे उतरायचे आणि मोठ्ठा स्पीकर लावायचे. त्यांचा संताप यायचा, पण ते रविवारी संध्याकाळी गाड्या भरून चालते व्हायचे. कुत्री भुंकायची, पण दमली की थांबायची. भाताची गिरणी मात्र थांबायची नाही. दिवाळी सरली, झोडणी उरकली की ती सुरू व्हायची ती थेट संक्रांत उलटेपर्यंत, सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तीस पावलांवर पत्र्याची शेड, शेडमध्ये मोटर, मोटरवर पट्टा, आणि घूंऽऽ असा एकसुरी आवाज. तो नुसता कानात शिरायचा नाही, जमिनीतून पायात चढायचा. चहाच्या कपात बघितलं तर चहा थरथरताना दिसायचा.

पहिल्याच वर्षी मी तरातरा भांडायला गेले. गिरणी एक साठीची बाई चालवते. सगळं गाव तिला मावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. नवरा गेल्यापासून तीस वर्षं ती एकटीच ही गिरणी ओढते आहे. नऊवारीचा काष्टा, डोक्याला घट्ट बांधलेला पंचा आणि भुवयांवर कोंड्याची पांढरी साय. मी तिच्यासमोर उभी राहून माझं सगळं भाषण म्हटलं. ती हसून म्हणाली, "काय?" मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, "काय?" तिसऱ्यांदा म्हणायचं त्राण माझ्यात उरलं नाही आणि मी हात हलवत परत आले.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात. हातात पितळेचं मापटं, त्यात शीग लावून भरलेला नवा इंद्रायणी तांदूळ. मला वाटलं, विकायला आणलाय. मी विचारलं, "कसा दिला?"

"इकत न्हाई, पोरी. आवाजाचं हाय ते."

मला काही समजेना. मग तिनेच उलगडून सांगितलं. गिरणीचा आवाज ज्या ज्या घरात जातो, त्या त्या घराला हंगामाच्या सुरुवातीला एक मापटं तांदूळ द्यायचा, ही तिच्या सासूची रीत. लोकांच्या कानाला त्रास, म्हणून त्यांच्या पोटाला घास. अशी अकरा घरं होती आणि बारावं आता आमचं. मी तो तांदूळ ठेवून घेतला, आणि त्याच संध्याकाळी शिजवला. झाकण काढल्यावर जो वास सुटला, त्या वासाने माझी निम्मी तक्रार तिथल्या तिथे विरघळली. निम्मी राहिली.

ती राहिलेली निम्मी मी तीन हंगाम पोसली. चौथ्या हंगामाच्या तोंडावर मला एका मोठ्या मुलाखतसंग्रहाचं काम मिळालं, सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या, पुटपुटत्या मुलाखती, आणि मी ठरवलं की आता बास, बाहेरचा आवाज बंद करणारा वायरलेस हेडफोन घ्यायचा.

माणूस जावई शोधताना करणार नाही इतकी चौकशी मी त्या हेडफोनसाठी केली. इंटरनेटवर शेकडो लोकांची मतं वाचली. कुणी विमानात बसून वापरलेला, कुणी ऑफिसात, कुणी तान्ह्या मुलाच्या रडण्यापुढे. भाताच्या गिरणीपुढे वापरून बघितलेला एकही माणूस मला सापडला नाही. नवरा रोज जेवताना विचारायचा, "मग, ठरलं का स्थळ?" शेवटी तो म्हणाला, "अगं, वाचून कळणार आहे का? कानाला लावून बघ."

ते मला पटलं. पण कानाला लावून बघायचा तर कुठल्या आवाजात? दुकानात गिरणी नसते. म्हणून मी एका सकाळी खिडकीत उभी राहून फोनवर गिरणीचा आवाज पाच मिनिटं ध्वनिमुद्रित केला आणि तो घेऊन लोणावळ्याच्या बाजारात गेले. चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधे दबलेलं एक मोबाइलचं दुकान आहे. दुकानदाराने आदराने हेडफोन माझ्या कानावर चढवला आणि विचारलं, "ताई, कोणतं गाणं लावू?"

"गाणं नको. हेडफोनमध्ये काहीच लावू नका. तुमच्या त्या मोठ्या स्पीकरवर हे लावा," मी फोन पुढे केला.

त्याने लावलं. दुकान घुमायला लागलं. चिक्की घ्यायला आलेली माणसं दारात थांबून आत डोकावू लागली. दुकानदार भला माणूस. त्याच्या चेहऱ्यावर एवढंच दिसत होतं की ही बाई जितकी लवकर काहीतरी घेईल तितकं बरं. पहिल्या हेडफोनने कानशिलं दाबली आणि आवाज निम्माच कमी केला. दुसरी होती कानात घालायची छोटी बोंडं. ती माझ्या कानात ठरेचनात, मान वळवली की पडायची. तिसरा मोठा, मऊ गादीचा. त्याची कळ दाबली आणि गिरणी एकदम नाहीशी झाली. स्पीकरचा पडदा समोर हलताना दिसत होता आणि आवाज नव्हता. मला अक्षरशः हसू फुटलं.

मग त्या शांततेत मला ऐकू आलं. टुक. थोड्या वेळाने पुन्हा, टुक.

"हे काय राहिलंय?" मी विचारलं.

"ताई, हा हेडफोन एकसुरी आवाज खातो," दुकानदार म्हणाला. "मधेच येणारा ठोका नाही खात. तो राहणारच. उलट घूं गेलं की तो जास्तच कळतो."

एवढ्यात काउंटरशी चार्जर बघत उभा असलेला एक माणूस जवळ आला. लोहगडवाडीचा होता, गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकर द्यायची टपरी चालवणारा. स्पीकरकडे बोट करून म्हणाला, "ताई, ही आमच्या मावशीची गिरणी न्हवं?"

मी थक्कच झाले. "कशावरून?"

"आवाजावरनं. माझ्या बापापास्नं आमचं भात तितं जातं. लांबनं आयकलं तरी वळखतो आमी." मग त्याचा आवाज खाली आला. "औंदा शेवटचं साल म्हनत्यात. कणी लय पडतीया. लोक हायवेच्या नव्या गिरणीला जायाला लागलं. पोरगं म्हनतंय, गिरणी काढतो आन् पाव्हन्यांसाठी खोल्या बांधतो. वाईट झालं. त्या मावशीनं दाणा चावला ना, की भात किती वाळलंय ते सांगायची. काटा लावा न्हाई तर मशीन लावा, तिची जीभ खोटी पडायची न्हाई."

मी चुकचुकले. तोंडाने. आतून मला इतका आनंद झाला होता की तो दिसू नये म्हणून मी हेडफोन काढलाच नाही. संक्रांतीपर्यंत कान वाचवले की पुढे कायमची सुटका. मी तिसरा हेडफोन घेऊन घरी आले.

पुढचे दोन आठवडे मी राणीसारखं काम केलं. घूं गेलं. म्हाताऱ्या माणसांचे पुटपुटणारे शब्द मोत्यांसारखे वेगळे ऐकू येऊ लागले. फक्त तो ठोका राहिला. वाक्य ऐकून संपलं, बोटं कीबोर्डवर आली, की टुक. सुरुवातीला वैताग आला, मग सवयीने मी तो मोजायला लागले. माझा कानच तसला आहे, त्याला गप्प बसता येत नाही. ठोका सकाळी गिरणी सुरू होताना हलका असायचा, दुपारी गिरणी तापली की जड व्हायचा, आणि दिवसागणिक जरा जरा मोठा होत होता.

नवऱ्याला मी तोंडाने ठोका काढून दाखवला. त्याने घास हातात धरून ऐकलं आणि म्हणाला, "बेअरिंग चाललंय कुठलं तरी. भात सोलणारा रोल डळमळत असणार. मग तांदूळ तुटणारच. सांग की त्यांना."

"सांगते," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. ही गोष्ट मला लिहायला जड जाते, पण लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. तीस पावलांवर एक बाई तिची गिरणी हातातून निसटताना बघत होती, आणि ती का निसटते आहे हे गावात फक्त आमच्या घराला कळलं होतं. मी रोज हेडफोन लावून बसत होते आणि ठोके मोजत होते. गप्प राहायला कष्ट पडत नाहीत. नवरा विचारायचा, "सांगितलंस का?" मी म्हणायचे, "राहिलंच आज."

त्या वर्षी मापटं उशिरा आलं. मावशीच घेऊन आली. शीग नेहमीसारखीच लावलेली, पण तांदळात निम्मी कणी. तिने मापटं माझ्या हातात दिलं आणि नजर बाजूला केली. "औंदा लोकं वलं भात आनत्यात," ती म्हणाली. "पाऊस लांबला ना. दोन-दोन डाव माघारी धाडते, वाळवून आना म्हनून, तरी कणी पडतीया. तू चाळून घे, पोरी." मी रात्री तो भात केला. त्याचा पार लगदा झाला. नवऱ्याने तो दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही, आणि इंद्रायणी भाताच्या बाबतीत आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

आलेलं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. दोन दिवसांनी मी मापट्यात शेंगदाण्याची चिक्की घातली आणि सकाळी आठाच्या आधी गिरणीवर गेले. मोटर अजून सुरू झाली नव्हती. शेडमध्ये तुसाचा आणि तेलाचा वास होता. एक वयस्कर शेतकरी, सगळे त्याला आबा म्हणत होते, टेम्पोतून तीन पोती उतरवून उभा होता. मावशीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली चिमूट वर काढली, तळव्यावर चोळून साल काढलं, एक दाणा दाढेखाली धरला आणि चावला.

मी तिच्यापासून चार हात लांब होते. मला तो आवाज स्वच्छ ऐकू आला. कट्ट. कोरडा ठणठणीत, सुपारी फुटावी तसा.

"वलं हाय," मावशी म्हणाली. "दोन दिस अजून वाळव."

आबा रडकुंडीला आले. "मावशे, आगं चार दिस डांबरीवं वाळवलंय! आजून वाळवलं तर त्याच्या लाह्या व्हत्याल!"

"दात खोटं बोलत्यात व्हय? मऊ लागतंय. वाळव."

आबांनी पुढे वाद घातला नाही. तिच्यासमोर वाद घालायची त्या गावात पद्धत नाही. त्यांनी एकेक पोतं परत टेम्पोत चढवलं, आणि टेम्पो गावाकडे न वळता हायवेच्या बाजूला वळला. ते मावशीने पाहिलं. मीही पाहिलं. तिने मोटरची कळ दाबली आणि दोघींच्या मधे घूं उभं राहिलं.

मी मापटं खाली ठेवून घरी आले, पण हेडफोन काही लावला नाही. माझ्या डोक्यात तो कट्ट वाजत होता. जो दाणा चार हातांवरून मला वाळलेला ऐकू आला, तो तिच्या स्वतःच्या दाढेखाली तिला मऊ लागला. म्हणजे इतकी वर्षं ती दाणा दाताने नाही, कानाने पारखत होती. मग मला एकेक आठवत गेलं. पहिल्या वर्षीचं ते "काय?" आणि पुन्हा "काय?" माणसं बोलू लागली की ती हसायची आणि त्यांच्या ओठांकडे बघायची. मी त्याला तिचा मनमोकळेपणा समजत होते. तिला गिरणीचा ठोका ऐकू येत नव्हता, म्हणून ती दोष भातात शोधत होती. दाण्याचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो दोष तिला सापडतही होता. आणि लोक तिच्या शब्दाखातर बिचारं वाळलेलं भात पुन्हा पुन्हा वाळवत होते, ते आणखी ठिसूळ होत होतं, आणि आणखी तुटत होतं.

कानावर जगणारी मी एकटीच आहे असं मला वाटत होतं. या बाईने तीस वर्षं एका गिरणीच्या आवाजावर अख्ख्या खोऱ्याचं भात सांभाळलं होतं. त्या दुपारी मला माझी इतकी लाज वाटली की मी हेडफोन उचलला आणि चपलाही नीट न घालता शेडकडे निघाले.

गिरणी चालू होती. पोती धरायला असलेला गडी पलीकडे होता. मी काही न बोलता हेडफोन मावशीच्या पंच्यावरून तिच्या कानांवर बसवला आणि कळ दाबली.

"आगं बाई, बंद पडली!" ती केवढ्यानं तरी ओरडली. गडी दचकून वळला. मावशीने मोटरकडे बघितलं. मोटर फिरत होती. पट्टा पळत होता, चाळण हलत होती, तांदूळ पडत होता, आणि तिच्यासाठी कशालाच आवाज नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदा ती आपली गिरणी नुसती बघत होती. ती घाबरलेली मला दिसली. मी तिचा हात धरला आणि बोट वर केलं, थांबा.

थोड्या वेळाने तिचे डोळे बदलले. मान जराशी डावीकडे कलली. ओठ हलले. टुक. पुन्हा हलले. टुक.

यानंतर तिने जे केलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. तिने मला बाजूला सारलं आणि गिरणीच्या अंगावर तळहात ठेवला, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. वरून खाली, उजवीकडून डावीकडे, एकेक बोल्ट, एकेक जोड चाचपत ती गेली. तळहाताने ठोका शोधायचा आणि कानाने ताडून बघायचा. मी तो ठोका पंधरा दिवस ऐकत होते, मोजत होते, पण तो कुठून येतो हे मला सांगता आलं नसतं. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. खालच्या रोलच्या डाव्या टोकाशी तिचा हात थांबला आणि तिथेच राहिला.

"हितं हाय," ती म्हणाली. "बेरिंग ग्येलं." तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि गड्याला मोटर बंद करायची खूण केली.

शेड गप्प झाली. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं होतं. मी मोठ्याने आणि सावकाश म्हटलं, "मावशी, हा ठोका मला पंधरा दिवस ऐकू येतोय. बेअरिंग असेल हेही घरात मला सांगितलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही. मला वाटत होतं, गिरणी बंद पडली तर बरं."

तिने पदराने कपाळ पुसलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. तिने गड्याला चहा आणायला पिटाळलं आणि तो लांब गेल्यावर माझ्याजवळ सरकली.

"तू पंधरा दिस लपिवलंस," ती म्हणाली. "मी तीन वरसं लपिवतीया. डावा कान ग्येला. उजवा बी निगालाय. गिरणीवालीला आयकू येत न्हाई म्हनल्याव कोन भात आनंल, सांग बरं?"

मी तिथेच पोत्यावर बसून रडले. ती मात्र चिक्की खात उभी होती, मीच आणलेली.

दुसऱ्या दिवशी वडगावहून मिस्त्री आला. जुनं बेअरिंग निघालं ते हातात खुळखुळत होतं. नवं बसलं, गिरणी सुरू झाली, आणि चाळणीवरून अख्खा, गोंडस तांदूळ पडायला लागला. मावशीने ओंजळ भरून घेतली आणि बराच वेळ बघत राहिली.

राहिला दाण्याचा प्रश्न. त्याची युक्तीही तिचीच. मी रोज सकाळी आठ वाजता गिरणीवर जायचं. मोटर सुरू झाली की हेडफोन लावून दोन मिनिटं उभं राहायचं आणि ठोका आहे का बघायचं. त्याआधी शेतकरी उभे असतील तर तिच्या शेजारी थांबायचं. ती दाणा चावणार. कट्ट आला तर मी डोक्यावरचा पदर सारखा करायचा, नाही आला तर गप्प राहायचं. मी ड्रेस घालते, तेव्हा पदराऐवजी ओढणी. मग ती छाती काढून सांगायची, "वाळलंय. आन हिकडं!" तिच्या आवाजातली ती जरब ऐकून माझ्याच अंगावर काटा यायचा. आबा तिसऱ्या दिवशी परत आले. हायवेच्या गिरणीवर दाणा न बघताच घाईने काढलेल्या त्यांच्या भाताची अर्धी कणी झाली होती. मावशीने त्यांना काही विचारलं नाही, त्यांच्या उरलेल्या पोत्यात हात घातला, दाणा चावला आणि माझ्याकडे न बघितल्यासारखं बघितलं.

खोल्या बांधायचं मावशीच्या मुलाने पुढे ढकललं. नवरा मला म्हणतो, "एवढी चौकशी करून गिरणी ऐकू येऊ नये म्हणून हेडफोन आणलास, आणि आता तोच लावून रोज गिरणी ऐकायला जातेस. स्थळ चांगलं निघालं." मी हेडफोन गळ्यात अडकवते आणि चपला शोधते.

आता यातलं काही लपून राहिलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. या हंगामाच्या पहिल्याच दिवशी मावशीने भरल्या गिरणीत स्वतः सांगून टाकलं, "मला आता आयकू येत न्हाई. ही आयकती. पटत आसंल तर भात आना, न्हाई तर हायवे हाय." कुणीही गेलं नाही. आबा म्हणाले, "आमाला म्हाईत हाय, मावशे. तू चावतीस आन् ही वढणी वढती." सगळी गिरणी हसली. मावशीला ते हसणं ऐकू गेलं की नुसतं दिसलं, मला माहीत नाही, पण तीही हसली.

त्याच आठवड्यात मापटी वाटली गेली. खिडकीतून मी बघत होते. गडी एकेका दारात जात होता. शेजारच्या घरी गेलं, समोरच्या घरी गेलं, अगदी वरच्या भाड्याच्या बंगल्याच्या राखणदारालाही गेलं. आमच्या दारात कुणी आलं नाही. एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. मला लागलं ते. तांदूळ काय, बाजारात मिळतो. पण तिने मनात ठेवलं असणार, त्या पंधरा दिवसांचं, असं वाटून मी सारखी खिडकीत जाऊन उभी राहू लागले.

तिसऱ्या सकाळी मला राहवलं नाही. मोटर सुरू व्हायच्या आत मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "मावशी, आमचं मापटं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मी काही वेड्यासारखं बोलले होते.

"आवाजाचं मापटं शेजाऱ्याला देत्यात, पोरी," ती म्हणाली. "गिरणीच्या मानसाला कसलं देत्यात? चल, लाव ते कानाला. आठ वाजलं."